पंचाची सही

दिवाळीत पुतणी येऊन गेली. ती वकिली करते, त्यामुळे जेवणाच्या पानावरसुद्धा कायदाच वाढला जातो! बोलता बोलता म्हणाली, "काका, आता पोलिसांनी घराची झडती घेतली की सगळं मोबाईलवर चित्रित करावं लागतं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली ना, तिच्यात कलम १०५ आहे." मी म्हटलं, छान झालं. मग तिनं सहज विचारलं, "तुम्ही शिक्षक होतात, तुम्हाला कधी पंच म्हणून नेलं होतं का हो?"

मी म्हटलं, "हो, एकदा." आणि चकली पुढे सरकवली.

ती गेल्यावर मात्र तो 'एकदा' डोक्यातून जाईना. मग नेहमीप्रमाणे कपाटातली पुस्तकं काढली, थोडं वाचलं, थोडं तिलाच फोन करून विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज इथं लिहितो आहे. मी कायद्याचा माणूस नव्हे. मराठी आणि इतिहास हे विषय आयुष्यभर शिकवले, एवढंच.

आधी तो 'एकदा' सांगतो.

१९७९ सालचा मार्च. मी एका तालुक्याच्या गावी हायस्कूलात होतो, वय अठ्ठावीस. सकाळची शाळा सुटत होती आणि हवालदार दारात उभा. मुख्याध्यापक म्हणाले, "जा, सरकारी काम आहे, नाही म्हणू नका." गावाबाहेरच्या वस्तीवर एका मजुराच्या घराची झडती होती. कोणाच्या तरी मळ्यातल्या मोटारीची तांब्याची तार चोरीला गेली होती. दुसरे पंच म्हणून सायकल दुकानवाले आले होते. गावात ते 'कायमचे पंच' म्हणूनच ओळखले जात, कारण प्रत्येक पंचनाम्यावर त्यांची सही असायची.

पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. बाई कडेवर पोर घेऊन अंगणात उभी, आणि लिंबाच्या झाडाला टेकून उभा असलेला मुलगा माझ्याच सहावीच्या वर्गातला. त्यानं मला पाहिलं आणि शाळेतल्या सवयीनं ताठ उभा राहिला. पोलीस आत गेले. आम्हा दोघा पंचांना कोणी आत बोलावलं नाही, आणि आम्हीही गेलो नाही. आतून भांडी सरकवल्याचे आवाज आले. दहा-पंधरा मिनिटांनी हवालदार एक पोतं घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "गुरुजी, बघा, तार."

पंचनामा लिहिला गेला स्टँडवरच्या हॉटेलात, चहा पिता पिता. 'आम्हां पंचांसमक्ष आतील खोलीतील ज्वारीच्या कणगीमागून...' असं काहीसं होतं. फौजदारसाहेबांनी पेन पुढे केलं. सायकलवाल्यांनी न वाचता सही केली. मी वाचून केली. हा फरक मी पुष्कळ दिवस माझ्या बाजूनं धरत असे. आता वाटतं, न वाचता करणारा बरा.

त्याच आठवड्यात मी नववीला समास शिकवत होतो. अव्ययीभाव समासाची उदाहरणं फळ्यावर लिहिली: यथाशक्ती, प्रतिदिन, आजन्म, समक्ष. समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर, असं मुलांना सांगताना खडू काही हातातून पडला नाही. ते नंतर केव्हातरी आठवलं.

तार कणगीमागे असेलही, बरं का. त्या माणसानं चोरलीही असेल. माझं म्हणणं तेवढंच आहे की मी ते पाहिलं नव्हतं.

आता कायदा काय सांगत होता ते पाहा. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेली होती. तिच्या कलम १०० प्रमाणे, झडती घेण्याआधी अधिकाऱ्यानं दोन किंवा अधिक 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' रहिवासी बोलवायचे, झडती त्यांच्या समक्ष घ्यायची, कोणती वस्तू कोणत्या जागी सापडली याची यादी करायची आणि तिच्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या. घरातल्या माणसाला हजर राहू द्यायचं आणि यादीची प्रत त्याला द्यायची. अंगझडती बाईची असेल तर ती बाईनंच, मर्यादा सांभाळून घ्यायची. शिवाय कलम १६५ असं की तपासात वॉरंटशिवाय झडती घ्यायची वेळ आली, तर अधिकाऱ्यानं आधी कारण लिहून ठेवायचं, काय शोधायचं ते शक्य तितकं लिहायचं आणि त्या टिपणाची प्रत मॅजिस्ट्रेटकडे धाडायची.

जुन्या १८९८ च्या संहितेत, कलम १०३ मध्ये, पंच नुसते 'प्रतिष्ठित' असले की चालत. 'स्वतंत्र' हा शब्द १९७३ साली भरला गेला. कायमच्या पंचांची जात तोवर देशभर चांगलीच फोफावली असणार, त्याशिवाय हा शब्द घालायची गरज पडली नसती. आपल्याकडे म्हणतात ना, पाचामुखी परमेश्वर. दोनामुखी पोलीस ठाणं, असं आमच्या गावी झालं होतं.

पण दोन शेजारी, एक यादी, यादीची प्रत... ही एवढी किरकोळ वाटणारी गोष्ट का हवी असते, ते पंचाशिवाय झडत्या झाल्या म्हणजे काय होतं ते पाहिल्यावरच कळतं. आणि ते पाहायला आपल्याला पुण्याबाहेर जावं लागत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. कलमं अवघी चार. सरकारला वाटतील ते उपाय करण्याचे अधिकार, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि चौथं कलम असं की या कायद्याखाली सद्‌बुद्धीनं काही केलं असेल तर त्याबद्दल कोणावर दावा चालणार नाही. घरात कोण, केव्हा, कसं शिरणार आणि कोणाच्या समक्ष, याबद्दल कायद्यात अक्षर नाही.

पुण्याच्या प्लेग कमिटीवर वॉल्टर चार्ल्स रँड प्रमुख म्हणून आला. तो आधी साताऱ्याकडे होता. १३ मार्चपासून पुणे शहरात घरोघर झडत्या सुरू झाल्या, त्या १९ मेपर्यंत. कामाला लावले होते गोरे आणि देशी शिपाई मिळून आठ-नऊशे. (त्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. रोग खरा होता आणि भयंकर होता, हे विसरून रँडची गोष्ट सांगू नये.) रोगी लपवलेला आहे का, प्रेत लपवलेलं आहे का, हे पाहायला शिपाई माजघरापर्यंत, देवघरापर्यंत जात. रोगी सापडला की त्याला इस्पितळात, घरच्यांना वेगळ्या छावणीत. जमिनी उकरल्या जात, चुना मारला जाई, सामान जाळलं जाई. बायकांची बेअदबी झाली, वस्तू गेल्या, अशा तक्रारी घरोघरी होत्या. सरकारचं म्हणणं असं, की या तक्रारींना पुरावा नाही.

आणि पुरावा नव्हताच! असणार कसा? आत शिरणारे शिपाई, आणि आत काय झालं ते सांगणारेही तेच. यादी नाही, प्रत नाही.

याचा सर्वांत मोठा फटका बसला गोपाळ कृष्ण गोखल्यांना. ते त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याच्या मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितलं की शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला. विलायतेत गदारोळ उठला. गोखले परत आले आणि मित्रांना म्हणाले, नावं द्या, पुरावा द्या. एकही माणूस नाव द्यायला पुढे आला नाही. बाईच्या अब्रूची गोष्ट, कोण येणार? शेवटी गोखल्यांना जाहीर, बिनशर्त माफी मागावी लागली. पुढे कित्येक वर्षं त्यांना 'माफी मागणारे' म्हणून टोमणे ऐकावे लागले. मी वर्गात हा प्रसंग शिकवताना गोखल्यांचा साधेपणा आणि प्रामाणिकपणा एवढंच सांगत असे. आता वाटतं, तो धडा पंचनाम्याचाही होता.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी काय केलं ते मी सांगायला नको. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. त्यानंतरचा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटलाही सर्वांना पाठ आहे. मला नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. ज्या देशातून ही माणसं इथं राज्य करायला आली, त्या देशात हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच निकालात निघालेला होता.

११ नोव्हेंबर १७६२ रोजी लंडनजवळ जॉन एन्टिक नावाच्या एका लेखकाच्या घरात नेथन कॅरिंग्टन आणि आणखी तिघे राजाचे दूत शिरले. लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्यानं हुकूम काढला होता, कारण एन्टिकचं लिखाण सरकारला झोंबलं होतं. चार तास ते घरात होते. कुलपं फोडली, कागद चाळले, शेकडो कागद उचलून नेले. एन्टिक काही मोठा पुढारी नव्हता. शब्दकोश करणारा, शाळामास्तरकी केलेला माणूस! (आमच्याच धंद्यातला, म्हणून मला तो विशेष जवळचा.) त्यानं त्या दूतांवर सरळ अतिक्रमणाचा दावा लावला. ज्यूरीनं ३०० पौंड भरपाई ठरवली आणि १७६५ साली लॉर्ड कॅम्डेन यांनी निकाल दिला की मंत्र्याला असा हुकूम काढण्याचा अधिकार कोणत्याही कायद्यानं दिलेला नाही. राज्याची गरज आहे म्हणून अधिकार आपोआप उत्पन्न होत नाही.

हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्या निकालातली एक गोष्ट मात्र मला या वेळी नव्यानं दिसली. कॅम्डेन म्हणतात त्याचा मथितार्थ असा: हे दूत घरमालक असो नसो, त्यांच्या मर्जीनं झडती घेतात, पाहायला कोणी साक्षीदार नसतो. कागद गेले की काय गेलं हे सांगू शकणारे साक्षीदार म्हणजे ते अतिक्रमण करणारे स्वतःच. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हाती पुरावा काहीच उरत नाही. हे वाचलं आणि मला एन्टिक दिसेनासा झाला. गोखले दिसले. आणि खरं सांगायचं तर ते अंगणही दिसलं.

असल्याच प्रकारांनी अमेरिकेतल्या वसाहतीही चिडल्या होत्या. तिथं जकातीच्या अंमलदारांना कोणाच्याही घरात, वखारीत घुसण्याचे मोघम परवाने दिलेले असत. १७६१ मध्ये बोस्टनला जेम्स ओटिस यानं त्याविरुद्ध कोर्टात भाषण केलं आणि तो हरला. पण स्वातंत्र्य मिळाल्यावर १७९१ साली त्यांच्या घटनेत चौथी दुरुस्ती आली. माणसं, घरं, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होणार नाही. वॉरंट निघेल ते सबळ कारणावर, शपथेवर, आणि जागा व वस्तू यांचं नेमकं वर्णन असलेलं.

मग आपल्या घटनेत हे कलम का नाही?

मला इतकी वर्षं वाटत होतं की ते असेल, कुठंतरी. नाही. आणि ते विसरून राहून गेलं असंही नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये जो मसुदा दिला, त्यात ते अमेरिकन वळणानं स्वच्छ घातलेलं होतं. कन्हैयालाल मुनशींच्या मसुद्यातही घराच्या अभंगतेचा हक्क होता. मूलभूत हक्कांच्या उपसमितीनं ते उचलून धरलं. पण अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी हरकत घेतली. राव यांचा मुद्दा साधा होता. पोलिसाला कळलं की अमुक ठिकाणी चोरीचा माल लपवला आहे. तिथल्या तिथं झडती घेतली तर माल सापडेल. आपल्या देशातली अंतरं, वाहनांची वानवा बघता, कोर्टाकडून वॉरंट आणेपर्यंत माल पसार होईल. उपसमितीचं कलम गळलं.

रावांचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. आमच्या तालुक्याच्या गावाहून कोर्ट गाठायचं तर एस.टी.नं अर्धा दिवस जायचा, आणि तांब्याची तार अर्ध्या दिवसात वितळून जाते. पण वॉरंटाची अडचण होती म्हणून तत्त्वच घटनेबाहेर ठेवायचं, हे मला पटत नाही.

गोष्ट तिथं संपली नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी हेच कलम दुरुस्ती म्हणून मांडलं. ते मध्यप्रांत आणि वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे आपल्याच बाजूचे. त्यांनी बाबासाहेबांच्याच पुस्तकाचा दाखला दिला. आणि बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारायची तयारी दाखवली! ते म्हणाले ते थोडक्यात असं की, हे फौजदारी संहितेत आहेच, नवं काही नाही. पण उद्याचं विधिमंडळ ते काढून टाकू शकेल, म्हणून व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीनं ते विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेलं बरं. मसुदा समितीचा अध्यक्षच 'हो' म्हणतो म्हटल्यावर दुसरं काय हवं? पण मतदानाच्या वेळी सभागृहात गोंधळ उडाला, मत पुढे ढकललं गेलं, आणि काही दिवसांनी दुरुस्ती फेटाळली गेली.

त्या फेटाळण्याची किंमत लगेच दिसली. १५ मार्च १९५४ रोजी एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी सांगितलं, की घटनाकारांनी अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखं कलम जर घातलेलं नाही, तर ते आम्ही ओढूनताणून कशाला आणायचं? १९६२ साली खरकसिंगच्या खटल्यात रात्री-अपरात्री पोलिसांनी घरी येऊन दार ठोठावणं तेवढं बेकायदा ठरलं. १९७३ च्या डिसेंबरात, पूरणमल खटल्यात, आणखी एक गोष्ट पक्की झाली: झडती बेकायदा असली तरी तिच्यात सापडलेला पुरावा तेवढ्यावरून बाद होत नाही. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि शर्मा निकालातला तो भाग मोडीत काढला. घटना समितीत जे राहिलं ते यायला ६९ वर्षं लागली.

मधल्या साऱ्या काळात सामान्य माणसाच्या घराचं राखण कोणावर होतं? संहितेतल्या त्या दोन ओळींवर. दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांवर. म्हणजे सायकलवाल्यांवर आणि माझ्यावर.

पुतणीला फोनवर विचारलं, आता कॅमेरा आला म्हणजे पंच गेले का? म्हणाली, "नाही काका, पंच आहेतच. जुनं १०० कलम आता १०३ झालंय. यादी करताना, सह्या घेताना सगळं चित्रित करायचं आणि मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं." मी विचारलं, मोबाईल कोणाचा? हसून म्हणाली, "बहुतेक पोलिसांचाच."

त्या खटल्याचं मला समन्स आलं नाही. तो चालला, मिटला की आरोपीनं कबुली दिली, मला कळलं नाही, आणि मी विचारायलाही गेलो नाही. यादीची प्रत त्या बाईला दिली का, हेही मी विचारलं नव्हतं. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. परीक्षेलाही आला नाही. उन्हाळ्याच्या सुटीत ते कुटुंब वस्ती सोडून गेल्याचं कोणीतरी सांगितलं. जूनमध्ये नवं हजेरीपत्रक करताना मुख्याध्यापकांनी विचारलं, "याचं काय करायचं?" मी लाल शाईनं रेघ मारली आणि शेरा लिहिला, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' खाली सही केली.

पुतणीला त्या दिवशी नुसतं 'हो, एकदा' म्हटलं होतं. ती हे पान वाचते. बाकीचं तिनं इथं वाचावं.